परका डावा कान

म्हाताऱ्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आधीचे दोन कान फसलेत, आता हा तिसराही फसला तर हत्यारं पुसून कायमची ठेवून द्यायची. कान गमावलेल्यांना खोटे कान करून देण्यात त्याचा जन्म गेला. आधी मेणाचा कान कोरायचा, माणसाला लावून बघायचा, जमला की त्यावरून रबरासारखा मऊ कान ओतायचा. पण हल्ली जीव मेटाकुटीला यायचा. कोरणी हातात धरली की मनगटच म्हणायचं, पुरे बाबा.

समोर बसची कंडक्टर बसली होती. अपघातात तिचा डावा कान गेला होता. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने डोक्याला बांधून ती तिकिटं फाडायची.

म्हाताऱ्याने मेणाचा कान चिकटवला आणि वर दांडी ठेवली. चष्मा सरळ बसला.

"बसला की काका!" कंडक्टर आरशात वळून वळून बघू लागली. मग जरा घुटमळली. "पण काहीतरी परकं वाटतंय."

"अगं, तुझ्या उजव्या कानाची लांबी-रुंदी मोजून केलाय. परका कसा असेल?"

"मला तरी कुठे कळतंय? स्वतःचा कान कोण बघत बसतं?" तिने फोटो काढून आईला पाठवला. चहा गाळून व्हायच्या आत फोन वाजला आणि आईचा आवाज खोलीभर झाला.

"हा कुणाचा कान लावून बसलीस? तुझा कान मी इतका पिळलाय, मला ओळखता येत नाही होय?"

कंडक्टर खो खो हसली. म्हातारा हसला नाही. त्याने कान काढून टेबलावर ठेवला आणि हात टेकून बसला. संपलं, त्याला वाटलं. हातातली कला गेली.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिला उजव्या कानाने लग्नाआधीपासूनच ऐकू येत नसे. म्हणून संसारातलं बरंवाईट सगळं त्याने तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊनच सांगितलेलं. तिने मेणाचा कान उचलला, खालीवर फिरवला.

"अहो, हा तर माझा!"

"तुझं आपलं काहीतरीच."

"बघा की! माझ्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, याचीही तशीच. हिची बघा, कशी सुटी लोंबतेय. आणि वरची ही कड मधेच दबलेली, ती कुणाची?"

म्हाताऱ्याने चष्मा पुसून पाहिलं. खरंच होतं. उजव्या कानावरून डावा करायचा तर तो आरशात उलटा बघत कोरावा लागतो. पूर्वी तो दर घावाला आरसा बघायचा. आता मान अवघडते म्हणून त्याने आरसा बाजूला सरकवला होता. मापं घ्यायची आणि बाकीचं हातावर सोडायचं. आणि हाताला डावा कान पाठ होता तो एकच.

"माझा कान कशाला लोकांत वाटताय?" बायको म्हणाली. "तिकिटं फाडायला जायचंय का मला?"

"तू आत जा आधी. आणि डोक्याला रुमाल बांध, तो कान दिसायला नको," म्हातारा गुरकावला. पण आवाजात धार नव्हती.

त्याने नवं मेण घेतलं आणि आरसा पुढे ओढला. मान दुखत होती, तरी दर घावाला वळवली. कंडक्टर खुर्चीतच पेंगली. चहावर साय धरली. पाळी सुटी झाली, वरची कड गोल वळली. पुन्हा फोटो गेला, पुन्हा फोन आला.

"हां," आई म्हणाली, "हा पिळण्यासारखा झालाय."

कंडक्टर गेल्यावर त्याने जुना मेणाचा कान वितळवायला उचलला. बायकोने तो हातातून काढून घेतला.

"राहू द्या. माझ्याशी बोलायचा कंटाळा आला की याच्याशी बोला. मला तेवढीच झोप मिळेल."

तो वाकला, तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "उद्या मी काम करणार नाही. नुसता झोपणार."

"म्हणजे सोडलं?"

"उद्याचं म्हणालो मी," तो म्हणाला, आणि आरसा होता तिथेच ठेवून दिवा मालवला.