कपाटाआडची भिंत

जुनी भिंत म्हणा मला, मित्रांनो, चालेल. पडकी म्हणाल तर मात्र ऐकून घेणार नाही. घराच्या मागच्या अंगाला, झोपायच्या खोलीत मी उभी आहे आणि अर्धं छप्पर माझ्या खांद्यावर आहे. पुढची भिंत नटूनथटून रस्त्याकडे बघत असते. तिला विचारा, कधी भार उचललाय का.

गवंड्याने मला मन लावून बांधलं. एकेक वीट पाण्यात भिजवली. ओळंब्याची दोरी खाली सोडून तो एक डोळा मिटायचा आणि मी जराशी कलले तरी थर उतरवून पुन्हा रचायचा. त्याच्या कामात खोट नव्हती. खोट राहिली पायाशी. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून तिथे एक थर घालतात. तो घालायला पहिल्या मालकाला धीर नव्हता. वरून कुणाला दिसणार आहे, असं म्हणून त्याने काम पुढे रेटलं.

तरी सुरुवातीची वर्षं माझी मजेत गेली. उन्हाळ्यात घरची माणसं मला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, काय गार भिंत आहे हो! मी फुशारून जायचे. तो गारवा म्हणजे अंगात मुरलेली ओल होती, हे मलाही उशिरा कळलं.

पुढे घर दुसऱ्या मालकाकडे गेलं. माझे पोपडे सुटू लागले. त्याने रंग दिला. पुन्हा सुटले, पुन्हा रंग. आजारी माणसाला औषध न देता नुसती पावडर थापत बसावं, तशातली गत. शेवटी घर विकायचं ठरल्यावर त्याने बैठकीतलं भलंमोठं लाकडी कपाट ओढत आणलं आणि माझ्यासमोर उभं केलं. मी नव्या नवरीसारखी पडद्याआड गेले.

घर बघायला आली ती कपडे शिवणारी बाई आणि बस चालवणारा तिचा नवरा. माणसं साधी, पण गाफील नव्हती. व्यवहाराआधी त्यांनी पैसे मोजून एक तपासनीस आणला, घरं तपासणारा. हा गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात आला. ओल मोजायचं यंत्र त्याच्या कमरेला होतं, ते कमरेलाच राहिलं. त्याने कपाटावर बोट वाजवलं, लाकडाची तारीफ केली आणि अहवालात लिहिलं, "मागची भिंत कोरडी." मित्रांनो, भिंतीला कुठलं वाचता येतं? पण त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी आतल्या आत ओशाळले.

जुन्या मालकाने तर कमाल केली. कपाट राहू द्या, आमच्याकडून भेट समजा, म्हणाला. बाई हरखून गेली. शिवून झालेले गिऱ्हाइकांचे कपडे ती त्याच कपाटात ठेवू लागली.

थंडी पडली आणि त्या कपड्यांवर काळे ठिपके उमटले. बाईला आधी वाटलं कापडच वाईट. मग तिने कपाटाच्या मागच्या फळीला नाक लावलं, तर कुबट वास आला. नवराबायकोने मिळून कपाट सरकवलं आणि मी उघडी पडले. खाली बुरशी, मध्ये फुगलेला गिलावा, वर पोपडे.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे थोरले भाऊ आले. या मोठ्या भाऊजींना सगळ्यातलं सगळं कळतं. रंग मारा, कपाट होतं तिथे लावा आणि घर विकून मोकळे व्हा, असा त्यांचा सल्ला. नवरा बिचारा रंगाचा डबा घेऊनही आला. घर घेतल्यावर मला दुरुस्त करण्याइतकी नवराबायकोची ऐपत उरली नव्हती. आता एकतर दोषी माणसांकडून भरपाई मिळवायची, नाहीतर घर सोडायचं. खरं सांगू? रंग मलाही हवा होता. चारचौघांत उघड्या अंगाने उभं राहणं कुणाला आवडतं?

त्याच दुपारी बाईच्या गिऱ्हाईक असलेल्या एक वकीलबाई शिवायला दिलेला आपला काळा कोट न्यायला आल्या. रंगाचा डबा बघून त्या दारातच थांबल्या आणि बाईकडून सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या,

"भिंतीला हात लावू नका. रंग दिलात की पुरावा गेला. मग न्यायालयात काय, कपाट दाखवणार?"

मग त्यांनी नीट समजावलं. आधी फोटो काढा. दुसऱ्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या तपासनिसाकडून ओल मोजून घ्या. मग दोघांनाही नोटीस धाडू, जुन्या मालकालाही आणि तपासनिसालाही. बोलून मिटलं तर मध्यस्थापुढे मिटवू, नाहीतर ग्राहकांच्या न्यायालयात जाऊ. दाव्याला मुदत असते, म्हणून बसून राहू नका. तपासनिसाच्या करारात बारीक अक्षरांत होतं की चूक झालीच तर फक्त फी परत मिळेल. वकीलबाई म्हणाल्या, प्रामाणिक चुकीला ते पांघरूण कदाचित पुरेल, न बघता लिहिलेल्याला पुरेलच असं नाही. आणि जिंकूच, असं मी सांगत नाही.

नव्या तपासनिसाने मला खरवडलं. कांद्यासारखे रंगावर रंग निघाले. बैठकीतल्या फरशीवर कपाटाच्या पायांचे चार डाग होते, तेही त्याने टिपले. कपाट वर्षानुवर्षं तिथे होतं आणि मुद्दाम इकडे आणलं, हे कुणी सांगायला नको होतं.

मोठे भाऊजी येता-जाता टोमणा मारायचे. काय, भिंतीचं प्रदर्शन मांडलंय का? तिकीट किती? एकदा बाईने हातातली कात्री खाली ठेवली.

"भाऊजी, रंग लावून विकलं, तर पुढची बाईही माझ्यासारखीच कपाट बघून हरखेल. तिचं तोंड मला आत्ताच दिसतंय. मला नाही जमायचं ते."

नवऱ्याने रंगाचा डबा उचलला आणि दुकानात परत देऊन आला.

नोटिसा गेल्या. शेवटी मध्यस्थ घरीच आले आणि जुन्या मालकासकट सगळी मंडळी माझ्यासमोर बसली. तपासनीस म्हणाला, "कपाटामागचं मला दिसणार कसं? जड सामान सरकवणं माझं काम नाही."

"कबूल," वकीलबाई म्हणाल्या. "मग 'पाहता आली नाही' असं लिहायचं. 'कोरडी' कुणी सांगितलं तुम्हाला? कपाटाने?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

वाटाघाटी लांबल्या, पण मिटलं. दुरुस्तीचा मोठा वाटा जुन्या मालकाने उचलला, उरलेला तपासनिसाने. गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं नुकसान मात्र बाईच्याच पदरी पडलं. सगळं काही मिळत नाही, मित्रांनो.

कारागिरांनी मला पायाशी थोडं थोडं कापून ओल अडवणारा थर घातला. कुजका गिलावा उतरवला. आता मी नुसत्या विटांनिशी उभी आहे, कारण आतून वाळल्याशिवाय वर काही लावायचं नाही. परवा मोठे भाऊजी विचारत होते, हिला झाकणार कधी? बाई म्हणाली, वाळतेय ती, वाळू द्या.

मित्रांनो, भिंतीला कान असतात म्हणतात. तोंड मात्र नसतं. आमच्याबद्दल कुणी खोटं लिहून दिलं तर आम्हाला खोडून काढता येत नाही. म्हणून मोठे होऊन घर घ्याल तेव्हा सामान सरकवायला लावा, वाकून बघा, लाजू नका. मला वाईट म्हणालात तरी चालेल, पण बघून म्हणा. न बघता चांगली म्हणू नका.