शेवटी कोण आहे?

तुझ्या टोमॅटोच्या गार सारात जिरं जास्त झालं, असं फुएनसांता चारचौघींत म्हणाली आणि अरासेलीने चाळीस वर्षांच्या या मैत्रिणीशी अबोला धरला. त्याला तीन आठवडे झाले. एकटीच्या घरात अरासेलीला जेवण गोड लागेना.

शनिवारी ती स्पेनमधल्या कादिझच्या बाजारात मासळीच्या गाळ्यापाशी पोचली. तिथे रांग लावत नाहीत. नव्याने येणाऱ्याने विचारायचं आणि शेवटच्याने उत्तर द्यायचं, हाच रिवाज.

“शेवटी कोण आहे?” अरासेलीने विचारलं.

घोळक्यातली फुएनसांता वळली.

“मीच गं बाई! तुला मीच उत्तर द्यावं म्हणून चौघींना पुढे सोडलंय.”

“मग तारल्या दोघींपुरत्या घे,” अरासेली म्हणाली. “सार मी करते. जिरं तूच घाल, म्हणजे तोंड तरी बंद राहील तुझं.”