ब्रिजर

“उतरा सगळे! ब्रिजर लागलाय,” असे ओरडत विल्फने घंटीचे बटण दाबले, आणि पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर दार उघडताच तो खाली उतरलासुद्धा. त्याची बायको ग्वेन पाठोपाठ धावली.

“टॅरंटमावशी, अहो चढा परत,” ड्रायव्हर म्हणाला. “पूल खालीच आहे. पुढे रस्ता मोकळा आहे सगळा.”

“मला दिसतंय रे. त्याला दिसत नाहीये.”

“मग काय करू?”

“तू जा. लोकांना कामं आहेत.”

बस पूल ओलांडून पॉप्लरकडे निघून गेली. मागे ही दोघे उरली, काळ्या कपड्यांतली, वाऱ्याच्या तोंडावर.

तीन अंगांनी थेम्स आणि चौथ्या अंगाला गोदीचे पाणी, म्हणून इथली माणसे आपल्या वस्तीला बेटच म्हणत. जहाज यायचे तेव्हा पूल आभाळाकडे उचलला जाई आणि आधी घोड्यांच्या, मग पेट्रोलच्या, मग डिझेलच्या बसगाड्या काठाशी निमूट उभ्या राहत. त्या खोळंब्याचे नाव ब्रिजर. शाळेत, गिरणीत, स्वतःच्या लग्नातही उशिरा पोचलेल्याने तेवढा एक शब्द उच्चारावा. पुढे कोणी काही विचारीत नसे. आता गोदीला टाळे लागले होते. माल उचलायच्या, आता बंद पडलेल्या याऱ्या पाण्यावर माना वाकवून उभ्या होत्या आणि पाण्याला वाहून नेण्यासारखे काही उरले नव्हते.

पॉप्लरच्या चर्चवर आज विल्फचा थोरला भाऊ लेन शवपेटीतून पोचायचा होता. दोघांनी उभा जन्म याच गोदीत शेजारी शेजारी धान्याच्या गोण्या वाहिल्या होत्या. लेनचा मुलगा डेरेक काल म्हणाला होता, “काकू, काकांना घरीच ठेवा. त्यांना कुठे काय कळतंय आता? खांद्याला माणसं मिळतात.”

“माणसं मिळतात, भाऊ मिळत नाही,” ग्वेन म्हणाली होती. “लेनला विल्फ खांदा देईल.” आणि आज सकाळी विल्फने, कोणी न सांगता, काळा टाय स्वतःच्या हाताने बांधला होता.

“विल्फ, चल. जहाजं नाही येत आता. बंद झालं सगळं.”

तो तिच्याकडे पाहून हसला. “तू बसवाली. तुला गोदीतलं काय कळतं ग?”

तिने त्याचा दंड धरून ओढले. म्हाताऱ्या देहात गोण्यांचा सगळा भार एकदम परत आल्यासारखा तो जागचा हलला नाही.

समोरून शेजारीण डोरा फिंच बाजारातून परतत होती. “काय ग ग्वेन, तिकिटं फाडायला उभी आहेस की काय?” मग विल्फचा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. “माझ्याकडे सोड त्याला. चहा पाजते, बसवून ठेवते. तू जाऊन ये.”

“नको, डोरा. याच्याशिवाय गेले तर मी तिथे नुसती पाहुणी.”

“हट्टी आहेस.”

“आहेच.”

डोरा गेली. चर्चची वेळ जवळ येत होती. ग्वेनने कठड्याला पाठ टेकली. याच जागी तिने कंडक्टर म्हणून किती ब्रिजर शिव्या देत काढले होते! तिच्या लेखी तो बुडालेला वेळ होता. एका सकाळी बसच्या पायरीवरचा एक गोणीवाला मात्र हसून म्हणाला होता, “रागावतेस काय? ते जहाज आत आलं म्हणजे उद्या आम्हाला काम.” त्याच माणसाशी तिने पुढे लग्न केले. एकच थांबणे, तिला अडसर, त्याला भाकरी.

ती त्याच्या शेजारी सरकली. “कुठलं रे?”

“कॅनडाचं. गहू.” त्याने बोट केले. “बघ किती खोल बसलंय पाण्यात. लेन खूश होणार.”

तिने पाण्याकडे पाहिले नाही, त्याच्या मानेकडे पाहिले. नदीच्या बाजूने मान हळूहळू गोदीकडे वळत होती. त्या वळण्यात एका अवाढव्य लोखंडी देहाची सारी संथता होती. मध्येच ती थबकली, तेव्हा ग्वेननेही श्वास धरला. मग मान पुन्हा निघाली आणि सरतेशेवटी धक्क्याकडे पोचून स्थिरावली.

ग्वेनने अंगठीने कठड्यावर दोनदा ठोकले. टिंग टिंग. “चला, पुढे चला! धरून राहा!” तिचा जुना आवाज पाण्यावरून पार गेला.

विल्फने पाऊल उचलले.

चर्चच्या फाटकात गाडीतून पेटी उतरवून खांद्यांवर घेतलेली होती. भाड्याचा सहावा माणूस विल्फच्या जागी उभा होता आणि अंत्यविधीवाला घड्याळाकडे पाहत होता. डेरेक धावत आला. “काकू, किती वेळ! फादर दोनदा विचारून गेले. झालं काय?”

“ब्रिजर,” ग्वेन म्हणाली.

डेरेकने तिच्याकडे पाहिले, मग काकाकडे. तोही बेटावरच जन्मलेला होता. “हं,” तो म्हणाला. “मग काय करणार!” आणि त्याने सहाव्या माणसाला हाताने बाजूला व्हायला सांगितले.

विल्फ पेटीखाली शिरला. वयाने तो खचला होता. त्याचा खांदा लाकडापर्यंत पोचेना. त्याने डोक्यावरची टोपी काढली, तिची चौपदरी घडी केली, खांद्यावर ठेवली, हाताने चापून बसवली. मग पाचही जणांना म्हणाला, “हं, चला.”

पेटी कुठेही न कलता आत गेली.