उभं राहायची दोन मिनिटं

फोटोला हार घालताना चेअरमन रणधीररावांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि शिवगंगेनं तोंड फिरवलं. शोकसभा तिच्या वडिलांची होती.

तिचे आप्पा, कल्याणप्पा, लोहारा गावच्या दूध संघात संगणक सांभाळायचे. कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्यांनी खुलं आणलं होतं. कुणालाही उघडून बघता येईल, हवं तसं बदलता येईल असं. त्यासाठी ते गावोगावच्या केंद्रांवर सकाळी दूध घालायच्या वेळेला जाऊन बसायचे, काय अडतं ते विचारायचे आणि तसा बदल करून आणायचे. केंद्रावर दूध घालणाऱ्या हमिदाबींना वाचता येत नव्हतं, म्हणून आप्पांनी मशीनला दुधाची फॅट, जिच्यावर भाव ठरतो ती, मोठ्यानं बोलायला लावली. तेव्हापासून कुणाला आकडा कमी सांगायची सोय उरली नाही.

सभेआधी रणधीररावांनी तिला बाजूला घेतलं होतं. तोंडात बडीशेप होती.

"ताई, माझ्या मेव्हण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर परत घ्यायचंय. केंद्रवाले ऐकंनात, आप्पांनी बसवलंय म्हणतेत. आप्पांचीच शेवटची इच्छा होती, असं मी सांगतो. तुम्ही नुसतं गप बसा."

"शेवटी आप्पांच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं."

"मग तर बरंच झालं. ते काय बोलले, कोण सांगणार?"

आता ते शोकप्रस्ताव वाचत होते. कष्टाळू, निगर्वी, न भरून येणारी पोकळी. मग त्याच ओल्या आवाजात, "त्यांच्या अंतिम इच्छेनुसार संघ पुन्हा कंपनीचं सॉफ्टवेअर घेत आहे. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून ठराव संमत करावा."

शोकप्रस्तावाला आजवर कुणी विरोध केला नव्हता. गेलेल्या माणसासाठी सगळेच उठतात.

खुर्च्या सरकल्या, माना खाली गेल्या. शिवगंगा बसून राहिली. वडिलांसाठी उठायला तिचे पाय शिवशिवत होते. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

शेजारच्या हमिदाबी वाकल्या. "बेटी, चक्कर आली का?"

"न्हाई. आप्पा असं काही बोलले नव्हते. त्यांना बोलताच येत नव्हतं. हे कंपनीचं परत आलं की तुमचं मशीन मुकं होणार."

त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं.

हमिदाबींनी स्टेजकडं एकदा बघितलं, पदर सारखा केला आणि त्या खाली बसल्या. मागं केंद्रवाल्यांत एक खुर्ची करकरली. मग आणखी एक.

रणधीरराव हात जोडून, डोळे मिटून उभे होते. त्यांनी एक डोळा उघडला.