मी राजाचा वस्तरा नव्हे

मी वस्तरा बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी कुठल्याही राजाचा नाही. इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाचा तर नाहीच नाही. त्या बिचाऱ्यानं मला कधी पाहिलंही नसेल. पण रत्नागिरीच्या बाजारपेठेत मी त्याचा म्हणून मखमलीवर पडून होतो, आणि तो अपमान अजून माझ्या पात्याला झोंबतो.

माझं पोलाद जर्मनीचं. १९२१ साली नाटे गावच्या एका खलाशानं मला कुठल्याशा परक्या बंदरात घेतलं आणि गावी जाताना रत्नागिरीत भिकाजी न्हाव्याच्या हातावर ठेवलं. भिकाजीनं खलाशाच्या मुलाचं जावळ काढलं होतं. पोराला ओरखडासुद्धा आला नव्हता, त्याची ही भेट. भिकाजीनं मला उन्हात धरलं, अंगठ्यानं धार पाहिली आणि म्हणाला, "ह्यो दाढीचा नाय. ह्यो पोरांचा."

भिकाजीच्या धोकटीत आणखी दोन वस्तरे होते. एक दाढीचा. दुसरा दहाव्याचा, म्हणजे घरात कुणी गेलं की दहाव्या दिवशी मुलगे केस उतरवतात ना, त्याचा. मी फक्त जावळाचा. दहाव्याच्या वस्तऱ्याचा वारा लागू नये म्हणून भिकाजी मला तांबड्या फडक्यात वेगळा गुंडाळून ठेवी. मला थोडा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

एक जावळ झालं की भिकाजी पोकळ खिळा घेऊन माझ्या शेपटावर एक बारीक गोल उठवायचा. पातं आणि मूठ जिथे जुळतात ना, त्या चिंचोळ्या जागी. मला दगडावर घट्ट धरायचं काम त्याच्या मुलीचं, मैनाचं. ती तेव्हा शाळेत जायची.

"बाबा, ही शून्यं कशाला?"

"शून्य नाय गो. डोकी हायत. पोरांची गुळगुळीत डोकी."

बघता बघता दोन ओळी भरल्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एकच जागा उरली. मैनाचं लग्न झालं तेव्हा भिकाजी तिला म्हणाला, "ही जागा तुझ्या पोराची. दुसऱ्या कुणाचं गोल तिथं येणार नाय."

नातू व्हायच्या आधीच भिकाजी तापानं गेला. मुलगा रघू मुंबईहून आगबोटीनं आला. तिकडे तो सलूनात होता. "आता ब्लेडी आल्यात, हे कोण वापरतं?" म्हणत त्यानं अख्खी धोकटी गंगारामशेटच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकली. तांबडं फडकं सोडूनसुद्धा बघितलं नाही!

पुढचं सांगताना मला गंज चढतो. गंगारामशेटनं माझ्या पात्यानं सुतळी कापली. मग पायाचं कुरूप तासलं. कुरूप! बाळांच्या टाळूवरून श्वास रोखून चाललेलं पातं हे!

तेवढ्यात बाहेरचे शौकीन लोक ब्रह्मदेशच्या राजाच्या वस्तू शोधत गावात येऊ लागले. झालं, गावातली प्रत्येक मोडकी वस्तू राजाची झाली. एका राजाला इतक्या पिकदाण्या कशाला लागतील, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. गंगारामशेटनं माझी शिंगाची मूठ उपटली, बैलाच्या हाडाची बसवली आणि तिला हस्तिदंत म्हणू लागला. वर मोर कोरून घेतला. मला ती खुडूक कोंबडी वाटे. आणि भिकाजीचे गोल? "ही ब्रह्मदेशची अक्षरं. राजाचं नाव आहे."

अशात मैना मला शोधत आली. कडेवर अकरा महिन्यांचं पोर. वर्ष भरायच्या आत जावळ व्हायला हवं होतं. तिचा नवरा धोंडूही न्हावीच. तो म्हणे, नवा वस्तरा आणतो. पण ही मालगुंडापर्यंत जाऊन जुन्या सामानाची दुकानं पालथी घालून आलेली.

"शेट, माझ्या बापसाचा वस्तरा हाय काय? शिंगाच्या मुठीचा?"

"तो केव्हाच विकला. नवा घे ना बाय, त्या जुन्यात काय सोनं लागलंय?"

"मला कळतं हो, वस्तऱ्यानं काय होत नाय. चार बुकं शिकलेय मी. पण बापसाचा शब्द मोडून पोरावर परीक्षा बघायची छाती नाय माझी."

तीनदा आली. तीनदा माझ्याकडे बघून गेली. हाडाची मूठ, वर ती कोंबडी, ओळखणार कशी? मी आतल्या आत किंचाळत होतो.

चौथ्यांदा आली तेव्हा मी मुंबईच्या एका रावसाहेबांच्या हातात होतो. जुने वस्तरे जमवायचा त्यांना नाद. भिंग लावून ते भिकाजीचे गोल वाचत होते आणि "वा!" म्हणत होते. काय वाचलं, देव जाणे. चकाकी बघून बाळानं हात घातला. मैनानं झडप घालून त्याचं मनगट धरलं, आणि तिची नजर माझ्या शेपटावर पडली. दोन ओळी. शेवटी एक जागा रिकामी.

ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता म्हणेल, हा आमचा, हा मंगल कामाचा. पण ती म्हणाली, "घ्या साहेब, खुशाल घ्या. फक्त घरात नेण्याआधी गोमूत्र शिंपडा."

"का बरं?"

"माझा बापूस न्हावी होता. दहाव्याला ह्यानंच केस उतरवायचा. एक माणूस मेला की एक शून्य. तुम्हीच बघा ना, राजाच्या नावात एकच अक्षर इतक्या वेळा येईल काय?"

रावसाहेबांनी मला विंचवासारखं टाकलं आणि रुमालानं बोटं पुसली. "गंगारामशेट, हे काय ऐकतोय मी?"

"थापा मारते ती!"

"मग बोलवा बापसाचं गिऱ्हाईक. अर्धी पेठ ही शून्यं ओळखेल."

गंगारामशेटला ते नको होतं. "उचल ती अवदसा! पुन्हा माझ्या दारात आणू नको."

माझा संताप काय सांगू! सुतळी सोसली, कुरूप सोसलं, राजा सोसला. पण जिनं मला दगडावर धरलं, तिनंच मला दहाव्याचा म्हणावं?

वळणापलीकडे गेल्यावर मैना एका पायरीवर बसली. "बाबा, मी खोटं बोलले," ती पुटपुटली. "पोराच्याच वस्तऱ्यावर बालंट आणलं. आता ते फिरून पोराच्या डोक्यावर आलं तर?" आणि मला पदरानं पुसू लागली. आधी पातं, मग एकेक गोल. माझा राग किती वेळ टिकणार?

धोंडूनं हाड काढून साधी लाकडी मूठ बसवली, धार लावली. जावळाला मामाची मांडी लागते, म्हणून रघू मुंबईहून आला. ज्यानं मला विकलं त्याच्याच मांडीवर पोर, आणि वर मी! रघू थरथर कापत होता.

"मेहुणे, हलू नका," धोंडू म्हणाला, "नायतर आधी तुमचा कान जाईल."

मैना डोळे मिटून उभी होती. मधूनच एक उघडून बघे. मी टाळूपाशी आलो. खाली जीव धडधडत होता. मी इतका हळू कधीच चाललो नव्हतो. ओरखडा नाही. थेंब नाही.

आता मी पुन्हा तांबड्या फडक्यात असतो. तुम्ही जुन्या दुकानांत माझे भाऊबंद शोधत हिंडत असाल, तर एवढं करा. राजाचं नाव विचारू नका. मुठीवरच्या मोराला भुलू नका. हे कुणाच्या घरातून आलं, तिथं कुणी शोधत तर नाही ना, तेवढं विचारा.

शेवटचा गोल मैनानं स्वतः उठवला. खिळा घसरला आणि गोल अर्धाच उमटला.

"परत मारू काय हो?" तिनं घाबरून विचारलं.

"राहू दे गो," धोंडू म्हणाला. "वाढेल तो."