आपल्याकडचं नेट

राऊटरची काळी, चपटी काडी. खालून दाराच्या बिजागरीसारखी वळणारी... भाऊंनी ती उभी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली — मासळी घेताना कल्ला उचलून बघतात तशी. सुचिताला हसू आलं. नवऱ्याला सगळं गाव भाऊ म्हणतं म्हणून तीही म्हणते. आणि बोर्लीच्या बाजारात भाऊ काही घ्यायला उभे राहिले, की तिने पिशवी धरून वाट बघायची.

"चार ॲन्टेना आहेत," ते म्हणाले. "तुझं रेकॉर्डिंग आता भुर्रकन जाईल."

तिचं रेकॉर्डिंग म्हणजे अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायची — मागच्या खोलीत, दार लावून, पंखासुद्धा बंद करून. सगळं आपलं आपण शिकलेली. आणि मग ती फाईल चढत राहायची, दुपारभर, निळी रेघ मुंगीच्या पावलांनी. भाऊ चहा आणून शेजारी बसायचे. "नेट आपल्याकडे असंच गं. खाडीपलीकडे कोण बघतंय." परवा संस्थेतून फोन आला — ताई, आवाज तुमचाच हवा, पण हे पुस्तकही उशिरा आलं तर पुढचं दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. म्हणून हा नवा राऊटर. ह्याला मागे हार्ड डिस्क लावता येते. वाचलेलं सगळं एका जागी राहील, घरातल्या कुठल्याही फोनवर ऐकता येईल. भाऊंनाही... त्यांनी कधी ऐकलं नाहीये.

"आणि हे काय गं, सोनल?" तिने खोक्यावर बोट ठेवलं. "प्रत्येकाला वेगळा वेग?"

"ते होय काकू," दुकानातली सोनल म्हणाली, "पोरं डाऊनलोड फार करतात ना, मग त्यांचं नेट हळू करून ठेवायचं. त्यांना कळत पण न्हाय, कंपनीला शिव्या घालत बसतात. तुमच्या जुन्यात पण हाय की. काकांना मी दिवाळीत दाखवलं होतं. नाही का काका?"

भाऊंनी काडी आडवी केली.

"असेल. आठवत नाही."

पोरं... आमची एकुलती साक्षी लग्न होऊन माणगावला गेली. घरात आम्ही दोघं. म्हणजे पोर कोण, मीच की — कंपनीला शिव्या घालणारी. दिवाळीत मी त्या खोलीतून बाहेरच येत नव्हते, खरं आहे. हे दारावर टकटक करायचे. काय, म्हटलं तर — काही नाही, सहज. आणि मी आतून, श्श, चालू आहे... तेवढं बोलायचं होतं तर दार ढकलायचं होतं. भांडायचं होतं. पण शेजारी बसून, माझ्याबरोबर ती निळी रेघ बघत, उसासासुद्धा माझ्याबरोबर... चहा मात्र मनापासून असायचा. आलं घालून.

"हाच घेऊ या ना?" भाऊ म्हणाले. "तू म्हणशील तो."

"घ्या."

स्कूटरवर खोका दोघांच्या मध्ये, त्यांच्या पाठीला टेकलेला. सुरूच्या बनाशी वारा सुटला तसे ते मान वळवून मोठ्याने म्हणाले, "आता बघ, एकदम छान होईल."

'एकदम'नंतर बारीकसा श्वास अडकला. रेकॉर्डिंग तपासताना अडकतो तसाच तिचा कान तिथे अडकला, आणि मग तोच श्वास शोधत आपोआप मागे मागे जाऊ लागला — खाडीपलीकडचं वाक्य, दिवाळीतलं 'सहज', त्याच्याही आधीची, लग्नापासूनची कितीतरी...

"ऐकतेस ना?" भाऊंनी विचारलं.

"ऐकतेय," ती म्हणाली.