कडांचा वाटा

“ताई, तुमचं नाशपातीवालं सँडविच आज शेवटचं हं. उद्या मेनूच्या फळ्यावरून काढतोय,” शेफ म्हणाला आणि काहीच घडलं नाही अशा थाटात सुरी धुवायला लागला.

“का? कुणाच्या पोटात दुखलं?”

“मागवतं कोण, सांगा बरं?”

“गुरुवारचं टेबल.”

“तेही महिनाभर फिरकलं नाही.”

लोक या पबमध्ये बिअरसाठी येत आणि शेफच्या सँडविचसाठी पुन्हा येत. शेफचं डोकं अफाट. पावात कॉफीत मुरवलेलं मांस घालेल की धुरावलेलं कलिंगड, नेम नाही. फळ्यावर सगळी नावं त्याचीच. भाजलेली नाशपाती, चीज आणि मंद आचेवर परतलेला कांदा, एवढं एकच ताईंचं. सँडविचच्या ओट्यावर आयुष्य गेलं, आणि मिरवायला होतं ते हेच.

गुरुवारचं टेबल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ओटा आत, गिऱ्हाईक बाहेर. पण ऑर्डर पाठ होती: एका सँडविचचे दोन भाग, एकाच्या कडा काढायच्या आणि त्या दुसऱ्याच्या ताटलीत ठेवायच्या. वेटरनं सांगितलं होतं, दर गुरुवारी एक म्हातारं जोडपं येतं, आजींना मऊ लागतं, आजोबांना कडा. संसार असावा तर असा, ताईंना वाटे. तिला मऊ, त्याला कडक, आणि तक्रार कुणाचीच नाही.

दुपारी वेटर ओरडली, “ताई, नाशपाती! नेहमीसारखं!”

ताईंनी विजयी मुद्रेनं शेफकडे पाहिलं आणि जीव ओतून सँडविच केलं. थोड्या वेळानं ताटल्या परत आल्या. एक चाटूनपुसून साफ. दुसरीतला मऊ भाग जसाच्या तसा.

ताईंनी ॲप्रनला हात पुसले आणि तडक बाहेर गेल्या.

खिडकीपाशी आजोबा एकटेच बसले होते.

“काही चुकलं का माझं? अर्धं तसंच परत आलं.”

“तुम्ही करता होय?” आजोबा धडपडत उठले. “तुमचं नाही हो चुकलं. ही गेली मागच्या महिन्यात. आज आलो, आणि तोंडून नेहमीचीच ऑर्डर गेली बघा. आता तिच्या वाटचं मी कसं खाऊ?”

ताईंना रडू आलं. ते त्यांनी तिथंच गिळलं.

“पुढच्या गुरुवारी अर्धंच द्याल? माझ्यापुरतं?”

“देईन की,” ताई म्हणाल्या. फळ्याचं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेफनं नाव पुसलं.

“पुसा खुशाल,” ताई म्हणाल्या. “पण गुरुवारी मला एक नाशपाती लागेल.”

“फळ्यावर नसताना?”

“फळा तुमचा, ओटा माझा.”

शेफनं हात जोडले.

गुरुवारी ताईंनी सँडविच अख्खंच केलं. मधोमध कापलं. एका भागाच्या कडा काढून आजोबांच्या ताटलीत नेहमीच्या जागी ठेवल्या. कडांशिवाय आजोबांचा वाटा पुरा झाला नसता.

ताटली बाहेर गेली. मग ताईंनी स्टूल ओढलं, उरलेला मऊ भाग बशीत घेतला आणि बसून सावकाश खाल्ला.